गयामावशींकडची अमानत

पहिल्या भेटीत गयामावशींनी माझ्या मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे घड्याळ रोज घालती का?"

"हो."

"नसलं तर अडतं तुझं?"

ऑफिस, कुकर, मुलाचं औषध, सगळा संसार मी त्या घड्याळावर हाकत होते. "अडतं म्हणजे काय, हातपायच गळतात," मी म्हणाले.

"मंग हे चालंल." त्यांनी भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं. "तो तुमचा खिळा."

उस्मानपुऱ्यातल्या त्या पाळणाघरात मी मोबाइलवर अकरा प्रश्नांची यादी घेऊन गेले होते. पाणी कुठलं, जेवण काय, मुलं किती, झोपवतात कशी. बाळंतपणाची आणि नंतरची बिनपगारी अशी सगळी रजा संपली होती. मिहिर दोन वर्षांचा होता, नवरा वाळूजला शिफ्टमध्ये, आणि दोन्ही आज्या आपापल्या गावी दुखणी सांभाळत बसलेल्या. नऊ दिवसांनी मला औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात खुर्चीवर हजर व्हायचं होतं. मी परीक्षा घ्यायला गेले होते, आणि ही चष्मेवाली काटकुळी म्हातारी माझीच परीक्षा घेत होती. मला रागच आला.

त्या खिळ्यांची गोष्ट अशी. पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढे फरशीचा ओटा. आतल्या खोलीत, मुलांचा हात पोचेल इतक्या खाली, खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला जुन्या परकराच्या कापडाची थैली. रोज सकाळी आईने जाताना स्वतःची एक वस्तू मुलाच्या हातात द्यायची. मूल ती आपल्या थैलीत टाकणार. संध्याकाळी आई आली की मुलानेच ती काढून तिला परत द्यायची. खेळणं चालायचं नाही, चॉकलेट तर मुळीच नाही. आईचं जिच्यावाचून अडेल अशीच वस्तू हवी. ह्याला गयामावशी 'अमानत' म्हणत.

"आई चालली हे लेकराला दिसतं," त्या म्हणायच्या. "ती येनार हाय हे कुठं दिसतं? मंग ते दाखवायला नको का काही?"

एक प्राध्यापिका एका कानातलं ठेवून जायच्या आणि दिवसभर एकाच कानाने शिकवायच्या. बायको परगावी गेली म्हणून एकदा एक बाबा मुलीला सोडायला आले. त्यांच्याजवळ काहीच सापडेना. मावशींनी त्यांना कमरेचा पट्टा काढायला लावला. ते गृहस्थ एका हाताने पँट धरून स्कूटरकडे गेले, आणि त्या दिवशी म्हणे शहरातल्या सगळ्या बापांच्या आधी घ्यायला हजर झाले.

"लेकराची तयारी दोन दिसाची असती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "आईची आठ दिसाची." आणि ते आठ दिवस त्या खरोखर घ्यायच्या. पहिल्या दिवशी मी मिहिरला घेऊन नुसतं ओट्यावर बसायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन यायचं. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी आणायची. काडेपेटी लागत नव्हती, गॅसला लायटर होता, पण आणायची. घरीही अभ्यास होताच. दिवसातून एकदा त्याला सांगून दाराबाहेर जायचं, पाच मिनिटं जिन्यात उभं राहायचं आणि परत यायचं. शेजारच्या काकूंना वाटलं, आमचं भांडण झालंय आणि नवऱ्याने मला बाहेर काढलंय.

झोपण्यासाठी त्यांना आईची जुनी, न धुतलेली साडी लागे. "धुतलेली आनू नको. साबनाच्या वासावर कोन झोपतं?" माझी पंचाईत झाली. मी बारा महिने कुर्ते घालणारी. जुनी साडीच नव्हती. शेवटी कपाटातली एक बरी सुती साडी काढून तीन दिवस ती नेसून भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, मिहिरला मांडीवर घेतलं. नवऱ्याने विचारलं, "आज काय सण आहे का?" मी म्हटलं, "गप्प बसा, साडी जुनी करतेय."

आठ दिवस झाले, मिहिर छान रुळला, आणि नवव्या दिवशी मी शहाणपणा केला. तो ठोकळ्यांत रमला होता, पाठ माझ्याकडे होती. आता सांगायला गेले तर उगाच रडारड होईल असं वाटलं आणि मी मांजरीच्या पावलांनी निघून गेले. ऑफिसात दिवसभर स्वतःवर खूश होते. संध्याकाळी आले तर गयामावशींनी फाटक उघडलंच नाही.

"काय पायजे?" त्या आतून म्हणाल्या.

"मिहिरला न्यायला आलेय, मावशी."

"तुझं काय हाय आमच्याकडं? घड्याळ हाय? काहीच नाय. मंग कामून आली?"

मला वाटलं थट्टा चाललीय. मग आत मिहिर दिसला. भिंतीला टेकून, थैली मुठीत आवळून बसला होता. आत काही नव्हतं. मावशींनी शेवटी फाटक उघडलं, मी आत गेले, तरी तो धावत आला नाही. आधी त्याने माझा हात ओढला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मग जो रडायला लागला तो घरी पोचेपर्यंत. पुढचे चार दिवस मी बाथरूमला गेले तरी तो दाराशी बसून दार वाजवायचा. मी ऑफिसात तोंड वेंगाडून आणखी चार दिवसांची रजा मागून घेतली आणि आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. ओटा, चहा, फाटक, काडेपेटी.

"रडंल म्हनून चोरून गेली ना तू?" मावशी त्या वेळी म्हणाल्या. "आगं रडू दे की. आई जाताना रडायचं नाय तर कवा रडायचं? रडलेलं लेकरू दहा मिनिटात खेळायला लागतं. फसवलेलं लेकरू दिवसभर दाराकडं बघतं." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढची दोन वर्षं घड्याळ दिवसभर मिहिरच्या थैलीत असायचं आणि मी ऑफिसात सगळ्यांना वेळ विचारत फिरायची. मोबाइल होताच, पण मनगट मोकळं वाटायचं, आणि ते मोकळं मनगट मला बरोबर साडेपाचला उठवायचं. मावशींचं हेच गणित असणार.

त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा तरुणपणीच वारला. भाचेसून रेखा हाताशी होती. बाकी त्यांच्याबद्दल आम्हा आयांना फारसं ठाऊक नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, आम्ही विचारलंही नव्हतं. आम्हाला आमची मुलं सांभाळून हवी होती. त्यांच्याबद्दल जे माहीत होतं ते मुलांकडून. उदाहरणार्थ, चष्म्याचं घर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जाड चष्मा लागला होता, आणि त्याचं एक तपकिरी, टणक घर होतं, टक्कन बंद होणारं. दुपारी जेवणं झाली की मावशी चष्मा काढून त्यात ठेवत. तो 'टक' आवाज झाला की दहाबारा मुलं आपापल्या आयांच्या साड्यांवर आडवी होत. मिहिर घरीसुद्धा सुट्टीच्या दिवशी झोपताना म्हणायचा, "आई, टक कर ना."

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर मावशींचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी ओवा खाऊन काढलं, मग तपासण्या झाल्या, मग रेखा आम्हाला फाटकाशी हळू आवाजात सांगायला लागली. आजार पुढे गेलेला होता. मावशींना दवाखान्यात जावं लागे. पहिल्या खेपेला तासभर, मग अर्धा दिवस, मग दोन-दोन दिवस. आणि प्रत्येक वेळी त्या मुलांना बसवून सांगत, "मी सुई टोचून घ्यायला चालले. उद्या जेवनाला येते." चष्मा डोळ्यावर ठेवून घर मात्र मिहिरच्या हातात देत, कारण आता सगळ्यांत मोठा तोच होता. "ही माझी अमानत. सांभाळ." तो ते दोन्ही हातांनी छातीशी धरून आपल्या थैलीत टाकायचा. त्या येत, तो परत करी, त्या टक्कन उघडून आत बघत आणि म्हणत, "बराबर हाय."

शेवटच्या खेपेला त्यांनी काही दिलं नाही. ऑटोत बसताना मिहिरने हात पुढे केला होता. त्यांनी त्या हातावर फक्त हात ठेवला आणि रेखाला चल म्हणाल्या. हे मला नंतर कळलं.

त्या दिवसापासून मिहिरचं जेवण तुटलं. पाळणाघरात नाही, घरी नाही. वरणभात ताटात तसाच राहायचा. एकच प्रश्न, "मावशीने काय ठेवलं?" तीन दिवस मी काहीबाही सांगितलं. विसरली असेल. घाईत होती. चौथ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात गेले. मावशी औषधाच्या गुंगीत होत्या. रेखा दुपारी मुलं शेजारणीवर सोपवून दवाखान्यात येई; ती खाली औषधं आणायला गेलेली. उशाशी स्टुलावर ते चष्म्याचं घर होतं. मी ते उघडलं, आतला चष्मा काढून रुमालावर नीट ठेवला आणि घर पर्समध्ये टाकलं.

घरी येऊन मिहिरला दिलं. म्हटलं, "मावशीने पाठवलंय. तुझ्यासाठी. अमानत."

त्याने ते कानाशी नेऊन टक केलं आणि त्या दिवशी मुकाट जेवला. नवऱ्याला मी अभिमानाने सांगितलं. पोराचं पोट भरलं होतं, आणखी काय हवं होतं मला?

आठवड्याने दवाखान्याने मावशींना घरी पाठवलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाळणाघर रेखाने पुढच्या खोलीत चालू ठेवलं होतं, मागच्या खोलीत मावशींची कॉट. मी भेटायला गेले तेव्हा रेखा सगळं सामान उलथंपालथं करत होती. चष्म्याचं घर सापडत नव्हतं.

मी सांगून टाकलं. मला वाटलं मावशी हसतील.

त्या कोपरावर भार देऊन उठून बसल्या. इतक्या अशक्त बाईत तेवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "कोनाला इचारून दिलं?"

"तो जेवत नव्हता मावशी…"

"नसता जेवला दोन दीस! मी ठेवलं नव्हतं ते इसरून नव्हतं ठेवलं. मी येनार नाय म्हनून नव्हतं ठेवलं." त्यांना धाप लागली. मग गळ्यातला काळा दोरा ओढून त्यांनी बाहेर काढला. त्याला एक झिजलेलं चांदीचं जोडवं होतं. दोन वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"माझी माय जिनिंगमध्ये कामाला जायची. मला शेजारच्या खालाबीकडं ठेवायची. मी लई रडायची. तर खालाबी म्हनली, तिला काहीतरी अमानत दे बाई. माय रोज पायातलं एक जोडवं काढून मला द्यायची. जोडव्याबिगर ती र्‍हाईल का? रोज यायची न्यायला. एक दिवस नाय आली. कापसाच्या गाडीखाली गेली. मला कुनीच सांगितलं नाय. समदे म्हनले, येईल. जोडवं हाय ना तुझ्याकडं, मंग येईल की." त्या थांबल्या. "साठ वर्सं झाली. मला समदं कळतं. तरी सांजच्याला फाटक वाजलं की माझा हात हितं जातो." त्यांनी जोडव्याला हात लावला.

मी खाली पाहत उभी राहिले.

"उद्या त्याला आन," त्या म्हणाल्या. "घर घेऊन आन."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिहिर घर छातीशी धरून धावतच मागच्या खोलीत गेला. मावशींना त्या रूपात बघून जरा थबकला. मग त्याने रोजच्यासारखं घर पुढे केलं. त्यांनी उघडलं, आत बघितलं. "बराबर हाय." मग म्हणाल्या, "मिहिरराव, हे मी पाठवलं नव्हतं. आईनं आनलं होतं. तिचं चुकलं."

मिहिरने माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांच्या मुलाने आईकडे तसं पाहू नये.

"आता मी हे कुनाला देनार नाय. मी बरी व्हनार नाय. मी मरनार हाय."

"मग उद्या येशील?"

"उद्या नाय."

"दिवाळीला?"

"दिवाळीला बी नाय. कवाच नाय. म्हनून तू वाट बघू नको."

तो रडला. कॉटच्या पट्टीला डोकं टेकवून खूप वेळ रडला. मी पुढे झाले तर मावशींनी हातानेच मला थांबवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तशाच पडून राहिल्या, गप बस म्हणाल्या नाहीत. मग तो उठला, नाक पुसलं आणि पुढच्या खोलीत जाऊन रेखाला म्हणाला, "मला भूक लागली."

निघताना मला राहवलं नाही. मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मावशींच्या हातात ठेवलं. म्हटलं, "मावशी, मी उद्या येते. चार वाजता." का केलं तसं? माफी मागायची होती आणि ती कशी मागतात ते मला त्यांनीच शिकवलं होतं, एवढंच.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि त्या आजारपणात पहिल्यांदाच हसल्या. "आता मला ठेवती का अमानत? चार म्हंजी चार."

"चार म्हणजे चार."

सोमवारी ऑफिसात मुख्यालयाचे साहेब आले. साडेतीनला मी पर्स उचलली तर म्हणाले, एवढी एक फाईल बघू. मी म्हणू शकले असते की जायचं आहे. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. पण मनात आलं, मावशी कुठे जाणार आहेत, पाच वाजले तरी काय बिघडतं? समजून घेतील. फाईल झाली, चहा आला, चहा घेतला. पैठण गेटपाशी गर्दी लागली. गल्लीत शिरले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि ओट्याखाली मुलांच्या चपला नव्हत्या. मोठ्यांच्या होत्या.

रेखा मला पाहून उठली. तिने पदराची गाठ सोडून घड्याळ माझ्या हातात दिलं. "पावनेपाचला गेल्या," ती म्हणाली. "तीनपासून फाटकाकडं तोंड करून निजल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, डोळे मिटा जरा, ताईंना उशीर होत असंल. तर म्हनल्या, येईल ती, तिची अमानत हाय माझ्याकडं. मूठ सोडवायला लई येळ लागला ताई."

दोऱ्यातलं जोडवं त्यांच्या गळ्यात तसंच होतं. रेखाने ते काढू दिलं नाही. त्यांच्याबरोबरच गेलं.

नवऱ्याची रात्रपाळी होती, म्हणून मिहिर त्या दिवशी त्याच्याबरोबर घरीच होता. मी आल्यावर त्याने सवयीने माझं मनगट पाहिलं. सकाळी ऑफिसला जाताना ते मोकळं होतं, हे त्याच्या लक्षात होतं. घड्याळ मावशींकडे ठेवलंय, आणि कशासाठी ठेवलंय, हेही त्याला ठाऊक होतं.

"मावशीने दिलं परत?"

हो म्हणणं फार सोपं होतं. जीभ वळलीही होती.

"नाही," मी खाली बसून म्हणाले. "रेखामावशीने दिलं. गयामावशी आज गेल्या. मी चार वाजता येते म्हणाले होते, आणि मी गेले नाही. मला उशीर झाला."

त्याने घड्याळाच्या काचेवरून बोट फिरवलं.

"मग ती रडली का?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी तिथे नव्हते."